पात्याला ऐकू जातं

कारखान्यात त्याला खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे त्याला गुण्या म्हणत. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं ते लोखंडी हत्यार, आणि या माणसाने कापलेल्या पाइपच्या तोंडाला गुण्या लावून बघायची कधी गरज पडत नसे, म्हणून तोच गुण्या. स्टुलं, बाकं आणि मांडण्या बनवणारा तो कारखाना. तिथल्या गोल करवतीवर तो अठरा वर्षं उभा होता. उजव्या हाताने दांडा खाली ओढायचा, डाव्या हाताने पाइप धरायचा, पायाखाली मशीनचं पेडल. पेडल दाबलं की पातं फिरे. सोडलं की मोटर थांबे, पण पातं पुढे सात-आठ आकडे मोजेपर्यंत आपल्याच नादात फिरत राही.

त्याची बायको भिंतीच्या पलीकडे, कड घासायच्या खोलीत बसे. हातात कायम कानस, म्हणून तिचं नाव पडलं कानसवाली. तो कापी, ती घाशी. भिंतीला एक चौकोनी भोक होतं आणि त्याला पत्र्याची घसरण होती. त्याचं घमेलं भरलं की तो तुकडे घसरणीवर ओती, आणि ते खडखडत तिच्या पुढ्यात येऊन पडत, बऱ्याचदा अजून कोमट असलेले. संसार असा भिंतीच्या दोन बाजूंनी चालला होता, आणि बरा चालला होता. भांडायचं म्हटलं तरी मध्ये भिंत होती.

दोन आठवड्यांपूर्वी दुसऱ्या करवतीवरच्या लंबूचा हात पात्यात गेला.

कानसवालीने ते पाहिलं नाही, ऐकलं. दोन करवतींचे दोन आवाज तिच्या कानांना पाठ होते. त्यातला एक मध्येच बसला, कोणीतरी तोंडावर हात दाबल्यासारखा. ओरडणं नाही, काही नाही. मग धावणारी पावलं. ती दारापर्यंत पोचली तेव्हा लंबूला दोघे धरून नेत होते आणि त्याच्या हाताला गुंडाळलेलं फडकं मूळचं कोणत्या रंगाचं होतं ते कळत नव्हतं. दोन बोटं गेली, एवढंच संध्याकाळपर्यंत समजलं. दुपारीच मशीन धुऊनपुसून स्वच्छ करून ठेवलेली होती.

झालं कसं, हे मात्र तिला कोणी सांगेना. त्याचंही कारण होतं. या कारखान्यात एक जुनी समजूत होती: जखमी माणूस कारखान्यात परत पाय ठेवेपर्यंत अपघाताबद्दल आतही बोलायचं नाही आणि बाहेरही बोलायचं नाही. का, तर पात्याला ऐकू जातं. घरी पोरांना भूतबीत काही नसतं म्हणून दटावणारी ही चांगली मिशांची माणसं, पण इथे तोंडातून ब्र काढत नसत. तिने हमालाला विचारलं, तो खोकला. रंगाऱ्याला विचारलं, तो डबा ढवळत राहिला. घरी नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "विषय नको." आणि ताटावरून उठला.

मग तिने स्वतःच विचार केला, आणि तिथेच घोटाळा झाला. तिला वाटलं, पायात बूट असतात, डोक्याला टोपी असते, कानात कापसाचे बोळे असतात आणि ज्या हाताला सगळ्यात जास्त धोका तो हात तेवढा उघडा! ही कुठली रीत? विचारात तसं काही चुकीचं दिसत नाही. तुम्हीआम्हीही हाच केला असता.

तीन संध्याकाळी बसून तिने जाड कॅनव्हासचे हातमोजे शिवले. दुहेरी कापड, तळव्याला तिहेरी. शिवणयंत्राची सुई मोडली, मग हातानेच टाके घातले. मापाला नवऱ्याचा हात मागितला असता तर त्याने नाही म्हटलं असतं, म्हणून अंदाजाने कापले, आणि बोटं थोडी लांब झाली. झाली तर झाली, आखूड होण्यापेक्षा बरी.

त्याने मोजे हातात घेतले आणि उलटसुलट करून पाहिले.

"चांगले शिवलेस," तो म्हणाला. "बघू."

"बघू नाही. घालायचे."

"अगं, तसं नसतं ते."

"मग कसं असतं? सांगा ना. सांगतच नाही तुम्ही काही!"

सांगायचं म्हणजे लंबूचा विषय आला. त्याने मोजे बाजूला ठेवले. मग ती रडली. आणि रडता रडता तिने बाजूला गणितं सोडवत बसलेल्या लेकीला पुढे ओढलं आणि नवऱ्याचा हात धरून तिच्या डोक्यावर ठेवला. "हिची शपथ घ्या. कापताना मोजे हातातून काढणार नाही म्हणून."

ही त्यांची एकुलती एक लेक. गेल्या वर्षी तापाने अंथरुणाला खिळली होती, आणि डॉक्टरांनी दोनदा मान हलवली होती. त्यातून ती उठली. त्या माणसाने देवाबिवाची शपथ एक वेळ मोडली असती, हिची मोडणं त्याला शक्य नव्हतं. तो म्हणाला, "घेतली." आणि लेक म्हणाली, "बाबा, हात काढा, माझं सोळा चोक चुकलं."

त्यानंतरच्या आठ दिवसांत गुण्याचं जेवण निम्म्यावर आलं. एकटक भिंतीकडे बघत बसू लागला. कारखान्यात निघताना चपला शोधायला त्याला पाव तास लागे, आणि चपला दारातच असत. घसरणीवरून येणाऱ्या तुकड्यांतही काहीतरी बिघडलं होतं. तोंडं तिरकी, कडा दातेरी, एका बाजूला जाड पापुद्रा. अठरा वर्षांत तिला इतकं घासावं लागलं नव्हतं. पातं बोथट झालं असेल, ती म्हणाली. लंबूचं बघून हा घाबरलाय, असंही म्हणाली. पण निदान हात तर झाकलेले आहेत, या विचाराने तिला स्वतःला झोप लागत होती.

आठव्या दिवशी सकाळी मुकादमाने नवीन टूम काढली. हा मुकादम म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारा. दारात स्टूल टाकून बसायचं आणि तिथून हुकूम सोडायचे. कोपऱ्यात वीतवीतभर पाइपांच्या उरलेल्या तुकड्यांचा ढीग होता. त्याने फर्मावलं, याचेच चार-चार बोटांचे तुकडे काढा, स्टुलांच्या पायांना लागतील. आता पाइप घट्ट पकडणारा मशीनचा शिकंजा होता लांब पाइपांसाठी. वीतभर तुकडा त्यात पोचतच नसे. तो हातानेच दाबून धरायचा आणि पातं हातापासून दोन बोटांवर उतरवायचं. पात्यावरचं झाकण तर कधीच तारेने वर बांधून टाकलेलं होतं, कारण ते खाली असलं की काम हळू होतं, हेही मुकादमाचंच म्हणणं.

असे तुकडे घासत ती बसली होती, तेव्हा दारातून वाकून लंबू आत आला. कुठल्याशा कागदावर सही द्यायला आला होता. डावा हात पांढऱ्या पट्टीत, छातीशी धरलेला.

"वहिनी, पाणी मिळेल का?" तो म्हणाला. "आणि घाबरू नका. अजून उजवा आहे, पेला माझा मी धरीन."

तिने पाणी दिलं. बसायला खोकं सरकवलं. तिला त्या पट्टीकडे बघायचं नव्हतं आणि दुसरीकडे कुठे बघताही येत नव्हतं.

"भाऊजी, झालं तरी कसं हो?"

"म्हणजे? गुण्याने सांगितलं नाही?"

"तुमच्यात सांगतंय कोण! पात्याला ऐकू जातं ना."

लंबू हसला. "माझं काय ते त्याने ऐकलंच. आता मला बोलायला मोकळीक आहे." त्याने पेला खाली ठेवला. "हातमोजा, वहिनी. दुसरं काही नाही. सकाळी गारठा होता. हमालाबरोबर पत्रे उचलू लागलो तेव्हा त्याचे मोजे घातले होते, ते काढायचे राहिले. तसाच मशीनवर उभा राहिलो. उघडा हात असता तर पातं चाटून गेलं असतं. कातडी गेली असती, फार तर नख. पण मोज्याचं कापड पात्याच्या दातात अडकलं, आणि मग ते कापड सोडतच नाही हो. मी हात मागे ओढत होतो आणि तो पुढे जात होता."

कानसवालीच्या हातातली कानस थांबली.

"फिरत्या पात्यापुढे उघडा हात," लंबू म्हणाला. "पहिल्या दिवशी शिकवतात हे. मला तर गुण्यानेच शिकवलं होतं. मोजा दिसला तर तो थोबाडीत मारायचा."

भिंतीपलीकडे करवत चालू होती. खाली येताना चिरका आवाज, मग क्षणभर जड, मग पुन्हा मोकळा. एक तुकडा. पुन्हा चिरका. दुसरा तुकडा.

म्हणजे त्याला माहीत होतं. आठ दिवस, प्रत्येक तुकडा कापताना माहीत होतं. तिच्या पुढ्यात पडलेली ती तिरकी तोंडं, ते जाड पापुद्रे, ते निम्मं ताट, त्या दारात असून न सापडणाऱ्या चपला, सगळ्याचा अर्थ तिला एकदम लागला. तिने नवऱ्याचे हात झाकले नव्हते. ते पात्याला बांधून दिले होते, आणि वर लेकीच्या शपथेची गाठ मारली होती. ती उठली तेव्हा मांडीवरचे तुकडे खणखण जमिनीवर पडले.

"वहिनी? काय झालं?"

ती तोवर दाराबाहेर होती. दोन खोल्यांना आतून वाट नव्हती. अंगण ओलांडून, लोखंडाच्या ढिगाला वळसा घालून पुढच्या दाराने जावं लागे. तिथे मुकादम स्टुलावर बसला होता.

"कुठे निघालीस?"

"त्यांना थांबवायचंय. मोजे आहेत त्यांच्या हातात."

"मग? स्वतःच घालतो की तो. मी काय बोललो त्यावर?" मुकादमाने पाय आडवा केला. "घमेलं भरेपर्यंत थांब. आणि हाक मारशील बघ! कापणाऱ्याला हाक मारायची नाही, माहीत आहे ना?"

माहीत होतं. ते तर कारखान्यातल्या मांजरालासुद्धा माहीत होतं. कापणाऱ्याला हाक मारायची नाही, मागून जायचं नाही, खांद्याला हात लावायचा नाही. दचकला की हात हलतो, आणि हात हलायला जागा होती दोन बोटं. समोरच्या कोपऱ्यात, जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याबाहेर उभं राहायचं, आणि त्याने आपण होऊन वर बघेपर्यंत वाट बघायची. घमेलं भरलं की तो पेडल सोडतो आणि मान वर करतो. त्याआधी नाही.

ती मुकादमाचा पाय ओलांडून आत गेली आणि पिवळ्या पट्ट्यापाशी उभी राहिली.

त्या खोलीला खिडकी नव्हती. पात्यावर एक दिवा लोंबत होता आणि त्याच्या उजेडात तेवढे दोन हात दिसत होते, कॅनव्हासमध्ये फुगलेले, दुसऱ्याच कोणाचे असावेत असे. गुण्याचा चेहरा अंधारात होता. घमेलं अर्ध्याहून थोडं जास्त भरलं होतं. अजून पंधरा तुकडे, वीस तुकडे. तिला मोजता येईना.

भिंतीवर मेन स्विच होता, हात पुरेल एवढ्यावर. तिने हात वर नेलासुद्धा. पण त्याच स्विचवर दिवा होता. तो बंद केला की मोटर थांबेल, दिवा जाईल, आणि पातं फिरत राहील, काळोखात, सात-आठ आकडे. त्याचा हात कुठे असेल तेव्हा? तिने हात खाली घेतला आणि पदर तोंडात कोंबला, कारण तोंडातून आवाज बाहेर पडू पाहत होता.

करवत खाली आली. तुकडा पडला. दुसरा. तिसरा.

आता तिला तो दिसला. डाव्या तर्जनीच्या टोकाला, तिच्याच शिवणीतून सुटलेला एक दोरा. वीतभरही नसेल. कातरीने उडवायचा राहून गेलेला. पात्याच्या वाऱ्याने तो सारखा नाचत होता. पातं वर गेलं की पडे, खाली आलं की उठून त्याच्याकडे झेपावे. दोऱ्याच्या मागे मोज्याचं ते लांब झालेलं, रिकामं टोक. टोकाच्या मागे बोट.

कानसवालीने आयुष्यात पुष्कळ भीती बघितली होती. लेकीच्या उशाशी तर रात्रंदिवस बसली होती. पण तेव्हा निदान काही करता येत होतं, पट्टी बदलता येत होती, औषध पाजता येत होतं. इथे काहीही केलं तरी त्याचा हात जाणार आणि नाही केलं तरी जाणार, आणि उभं राहून बघायचं. देवा, माझी घे, ती मनात म्हणत होती. माझी दहाच्या दहा घे, पण या माणसाला वर बघू दे.

आणि त्याने वर बघितलं नाही. त्याने आणखी एक तुकडा धरला. पातं उतरलं. दोरा उठला, आणि गेला.

पुढचं सगळं एका श्वासात झालं. दोरा पात्याभोवती गुंडाळला, मोज्याचं टोक त्याच्यामागे आत गेलं, फट्ट असा बारका आवाज आला, आणि त्याचा अख्खा खांदा पुढे ओढला गेला. मग शिवण उसवली. कॅनव्हासच्या चिंध्या दिव्याच्या उजेडात उडाल्या. तो मागे कोलमडला, पाय पेडलवरून सुटला, हातातला तुकडा भिंतीवर जाऊन आदळला. डावा हात त्याने काखेत दाबून धरला होता.

ती जागची हलली नाही. हलता येत नव्हतं. पातं अजून फिरत होतं, आणि ते थांबेपर्यंत पट्टा ओलांडायचा नाही, हे तिच्या अंगात इतकं भिनलं होतं. एक, दोन, तीन. त्या काखेत किती बोटं आहेत? चार, पाच. रक्त खाली टपकतंय की नाही? सहा. दिवा हलत होता, काही दिसत नव्हतं. सात. पातं थांबलं.

ती धावली. "दाखवा."

"तू इथे कशी?" तो म्हणाला. त्याचा आवाज दुरून आल्यासारखा होता.

"दाखवा आधी!"

तो काखेतून हात काढेना. त्याला स्वतःलाच बघायचं नव्हतं. शेवटी तिनेच मनगट धरून हात ओढला, मोजा उलटा करून सोलून काढला, आणि दिव्याखाली धरून एकेक बोट चाचपलं. अंगठा. करंगळी. तिच्या शेजारचं. मधलं. तर्जनीचं नख अर्धं उपटून लोंबत होतं आणि तिथून रक्त येत होतं. बाकी सगळं होतं. तिने पुन्हा चाचपलं, कारण तिचा स्वतःच्या नजरेवर भरवसा नव्हता.

मग ती खालीच बसली आणि मोठ्याने रडली. लंबू दारात येऊन उभा होता, त्याच्यामागे रंगारी, हमाल, सगळे.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मग घातले कशाला? मला सांगता आलं नाही? मी एक बाई, अडाणी, मला काय कळतंय तुमच्या पात्यातलं! थोबाडीत मारायची होतीत मला!"

"पोरीची शपथ घातलीस," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, बोटं गेली तर माझी जातील. शपथ मोडली आणि तिला काही झालं तर?"

"आठ दिवस?"

"रोज वाटायचं, आज."

तिने डोळे पुसले आणि दुसऱ्या हातातला मोजाही काढून घेतला. मग त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून, सगळ्यांच्या देखत, पात्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी घातली होती, मीच सोडवते. शपथ सुटली. ऐकलं का सगळ्यांनी? सुटली! लेकीला काही होणार असेल तर मला होऊ दे."

कोणीतरी चिंधी आणली, लंबूने एका हाताने आणि दातांनी ती बांधून दिली. गुण्याने रिकामे, उघडे हात दिव्याखाली धरून पाहिले. आठ दिवसांत प्रथमच त्याने पोट भरून श्वास घेतला असावा.

एवढ्यात मुकादम आत आला. घमेलं पाहिलं, ढीग पाहिला, बोट पाहिलं.

"नखच ना?" तो म्हणाला. "मोज्यांचाच घोळ होता, तो मिटला. चला, एवढा ढीग संपवून टाक."

आश्चर्य असं की गुण्या उठला. अठरा वर्षांची सवय. त्याने वीतभर तुकडा उचलला, पात्याखाली ठेवला, पाय पेडलवर नेला. डावा हात पुढे केला आणि तो अर्ध्यावर थांबला. त्याने पुन्हा पुढे केला. मनगटापासून हात लटलटत होता, तुकडा पत्र्यावर टकटक वाजत होता. त्याने उजव्या हाताने डावा धरून खाली दाबला, तर उजवाही लटलटायला लागला. कानसवाली बघत होती. इतकी वर्षं ज्या हातांच्या जिवावर घर निर्धास्त होतं, तेच हात हे.

"आता काय झालं?" मुकादम ओरडला. "बोटं आहेत ना सगळी?"

"आहेत," गुण्या म्हणाला. "पण येत नाहीत म्हणतात."

त्याने तुकडा मुकादमाच्या पुढे धरला. मुकादमाने एकदा तुकड्याकडे पाहिलं, एकदा पात्याकडे, आणि दोन्ही हात खिशात घातले.